इंदूरने कचरा मिसळू दिला नाही

दुसऱ्या शहरांतले नगरसेवक आणि अधिकारी इंदूरचा कचरा पाहायला येतात, तेव्हा त्यांचा दौरा बहुतेक वेळा देवगुराडियाला, म्हणजे शहराच्या कचरा प्रक्रियेच्या जागेवर, रंगतो. तिथे बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस बनवण्याचा, प्रकल्प आहे, मोठमोठ्या टाक्या आहेत, फोटोही चांगले येतात. परत गेल्यावर ‘आपल्याकडेही असा प्रकल्प हवा’ अशी चर्चा सुरू होते. मला हा दौरा उलट्या टोकाने सुरू झाल्यासारखा वाटतो. देवगुराडियाची यंत्रं पैसे मोजले की मिळतात. सकाळी लोकमान्य नगरच्या किंवा राजेंद्र नगरच्या गल्लीत कचऱ्याची गाडी थांबते आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जे घडतं, त्याची निविदा काढता येत नाही. आणि ते घडलं नाही, तर पलीकडची यंत्रं बघता बघता बंद पडतात.

आधीचं इंदूर

2014 च्या देशपातळीवरच्या स्वच्छता क्रमवारीत इंदूर 149 व्या क्रमांकावर होतं. 2016 मध्ये 25 वं, 2017 मध्ये पहिलं. त्यानंतर दर सर्वेक्षणात पहिलंच. 2023 च्या सर्वेक्षणात सुरतच्या बरोबरीने. 2025 च्या जुलैत जो निकाल लागला त्यात तर नेहमीच्या शर्यतीतून बाहेर काढून जुन्या विजेत्यांच्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये बसवलं.

पण 2015 पर्यंतचं शहर आठवा. चौकाचौकांत उतू जाणाऱ्या कचरापेट्या, त्यांच्याभोवती गाई-डुकरं, आणि कचरा उचलण्याचं काम एका खासगी ठेकेदाराकडे. गाडी कधी यायची, कधी नाही. इंदूरमधल्या आमच्या मराठी वस्त्याही काही वेगळ्या नव्हत्या. अंगणात सडा-रांगोळी आणि कंपाउंडच्या पलीकडे, कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर, उकिरडा. गणपतीचं निर्माल्य मात्र त्या प्लॉटवर टाकायला जीव धजायचा नाही, म्हणून ते पिशवीत बांधून कान्ह नदीवरच्या पुलावरून खाली.

नियम नव्हते असं मुळीच नाही. ओला-सुका वेगळा करा हे केंद्राच्या 2000 सालच्या नियमांतही होतं, 2016 च्या नियमांत अधिक ठसठशीत झालं. देशभरातल्या पालिकांकडे हा कागद पोचला होता. म्हणून इंदूरने कोणता नियम केला हे शोधण्यात अर्थ नाही. कोणत्या क्रमाने कामं केली ते पाहायला हवं.

क्रम

मालिनी गौड महापौर आणि मनीष सिंह आयुक्त, अशी जोडी तेव्हा होती. त्यांनी प्रक्रिया प्रकल्पापासून सुरुवात केली नाही. 2016 मध्ये आधी मोजक्या वॉर्डांत घरोघरी गाडी पाठवली, ती रोज ठरल्या वेळी येते हे लोकांना पटू दिलं आणि मग वर्षभरात सगळ्या 85 वॉर्डांत पसरली. गाडीची खात्री पटल्यावरच रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या. हा क्रम उलटा झाला असता, म्हणजे पेट्या आधी गेल्या असत्या, तर सगळं शहर रिकाम्या प्लॉटवर आलं असतं. बऱ्याच शहरांचं घोडं इथेच अडतं.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण ती गोड नाही. सफाई कामगारांची हजेरी बोटाच्या ठशावर आली. कागदावर कामाला आणि प्रत्यक्षात घरी, अशांवर कारवाई झाली. संघटना चिडल्या, ओळखीपाळखी वापरून झाल्या, पण महापौर आणि आयुक्त एकमेकांविरुद्ध वापरता आले नाहीत. गाड्यांवर जीपीएस लागलं, नियंत्रण कक्षातून कोणती गाडी कुठे रेंगाळली ते दिसू लागलं. रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपल्यावर राजवाड्याचा रंग-चिखल थोड्याच वेळात धुऊन निघतो आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात. त्यामागे ही हजेरी आहे. सराफ्यात, म्हणजे सोनारांच्या बाजारात, रात्री उशिरापर्यंत भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) खाऊन लोक घरी जातात आणि सकाळी तिथेच सोन्याची दुकानं उघडतात, तेही याच जोरावर.

अर्धं मिनिट

आता गल्लीत येऊ. गाडीच्या भोंग्यावरचं गाणं दोन गल्ल्या अलीकडून ऐकू येतं, त्यामुळे बादल्या आधीच फाटकाशी येतात. गाडीला वेगवेगळे कप्पे. सुरुवातीला दोनच होते, ओला आणि सुका. पुढे सॅनिटरी पॅड-डायपर, घरातला धोकादायक कचरा, प्लास्टिक आणि ई-कचरा यांचे वेगळे कप्पे आले आणि संख्या सहावर गेली.

हेल्पर बादली हातात घेतो, पण लगेच उलटी करत नाही. आधी आत बघतो. माझ्या लेखी सगळं इंदूर या बघण्यावर उभं आहे.

आमच्या समोरच्या काकूंचं उदाहरण सांगते. एका सकाळी त्यांच्या ओल्या बादलीत दुधाची पिशवी निघाली. हेल्परने ती दोन बोटांत धरून वर केली. “माताजी, ये इसमें नहीं चलेगी.” काकू म्हणाल्या, “अरे भैया, एक तर पिशवी आहे!” तो हसला, पण बादली तशीच परत. काकूंनी पिशवी काढली, धुतली, सुक्यात टाकली आणि मग बादली रिकामी झाली. मागे गाडी थांबलेली, शेजारच्या वहिनी आपली बादली घेऊन उभ्या, सगळ्यांच्या देखत. दंडाची तरतूद आहे, ती वापरलीही जाते. पण काकूंना दंडापेक्षा वहिनींच्या समोर बादली परत आल्याचं जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्याखाली दोन डबे आले.

वाद अजूनही होतात. पोह्यांचा तेलकट कागद ओला की सुका? निर्माल्यातली फुलं ओली, पण हाराचा दोरा आणि जरीची पट्टी? नारळाची शेंडी? सुरुवातीच्या वर्षांत स्वयंसेवी संस्थांच्या मुली घरोघरी फिरून हेच समजावत होत्या. प्रत्येक घराने दोन-तीनदा विचारलं, चुकलं, पुन्हा विचारलं. ही मेहनत कोणत्याही प्रकल्प अहवालात टन म्हणून दिसत नाही.

आणि एक अट महापालिकेच्या बाजूनेही होती. लोकांनी वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र झाला की लोक वेगळा करणं सोडतात. अनेक शहरांत अगदी हेच झालं आहे. इंदूरमध्ये गाडी शहरातल्या 10 ट्रान्सफर स्टेशनांपैकी एकावर जाते, तिथेही ओला आणि सुका वेगळ्या कॉम्पॅक्टरमध्ये दाबला जातो, वेगळ्या मोठ्या कंटेनरमधून देवगुराडियाला जातो. दारात केलेली वाटणी शेवटपर्यंत पाळली जाते. काकूंना हे माहीत असण्याची गरज नाही, पण हे झालं नसतं तर त्यांना ते लवकरच कळलं असतं.

डोंगर हलवणं

देवगुराडियाला तेव्हा ‘ट्रेंचिंग ग्राउंड’ म्हणायचे, अजूनही जुने लोक म्हणतात. सुमारे 100 एकर जागा आणि तिच्यावर वर्षानुवर्षं साठलेला 13 ते 15 लाख टन मिसळलेला कचरा. उन्हाळ्यात तो पेटायचा, धूर आसपासच्या वस्त्यांत. बाहेरच्या कंपनीकडून तो हटवायचा तर खर्च 60 कोटींच्या पुढे, असा अंदाज होता.

आयुक्त आशीष सिंह यांच्या काळात, 2018 मध्ये, निगमने (इथे महापालिकेला निगम म्हणतात) वेगळा मार्ग धरला. यंत्रं भाड्याने घेतली आणि माणसं आपली लावली. ढीग उकरून त्याच्या लांबट रांगा केल्या, जिवाणूंचं द्रावण फवारलं, रांगा पलटल्या. ओलावा गेला, कुजायचं ते कुजलं. मग तो माल फिरत्या चाळण्यांतून काढला. खाली बारीक मातीसारखा भाग पडला, तो जमीन भरायला आणि बागेला. प्लास्टिक-चिंध्यांचा जळाऊ भाग सिमेंटच्या भट्ट्यांकडे. दगड-विटा वेगळ्या. 2018 संपता संपता डोंगर सपाट झाला आणि खर्च 10 कोटींच्या आत राहिला.

या कामाचं कौतुक योग्यच आहे. पण ते करताना एक गोष्ट उघडी पडली. मिसळलेल्या कचऱ्यातून निघालेल्या त्या मातीत काचेचे तुकडे, प्लास्टिकची बारीक चिंधी राहतेच. शेतकरी ती सहज घेत नाही. जे दारात अर्ध्या मिनिटात फुकट झालं असतं, तेच पुढे चाळणी लावून कोट्यवधी रुपयांत, आणि तेही अर्धवट होतं.

ओल्याचा गॅस

बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन 19 फेब्रुवारी 2022 ला पंतप्रधानांनी केलं. रोज 550 टन ओल्या कचऱ्याची क्षमता, त्यातून सुमारे 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन सेंद्रिय खत. 150 कोटींची सगळी गुंतवणूक खासगी भागीदाराची. निगमने किमान निम्मा गॅस शहर बससाठी विकत घ्यायचा, उरलेला कंपनीने खुल्या बाजारात विकायचा, आणि वर कंपनीने निगमला वर्षाला अडीच कोटींच्या आसपास रक्कम द्यायची. कचऱ्यासाठी पालिकेने पैसे मोजायचे ही देशभराची रीत. इथे पैसे उलट दिशेने आले.

असं का जमलं, हे टाकीच्या आत डोकावलं की कळतं. ओला कचरा आधी कुटून त्याचा लगदा करतात. तो बंद टाकीत, हवेशिवाय, काही आठवडे राहतो. जिवाणू तो खातात आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन दाबला की बसमध्ये भरण्याजोगा गॅस तयार होतो. या जिवाणूंचा आहार म्हणजे भाजीची देठं, भात, पोळी, फळांची सालं. लगद्यात पिशव्या आल्या की त्या ढवळणाऱ्या पात्यांना गुंडाळतात, पंप चोंदतात, वर तवंग धरतो. वाळू-माती आली की तळाशी गाळ बसतो आणि टाकीची जागा खातो. भारतात याआधी अनेक बायोगॅस प्रकल्प असेच गुदमरले. ज्या कंपनीला स्वच्छ ओला कचरा मिळण्याची खात्री नाही, ती 150 कोटी घालत नाही. काकूंच्या दुधाच्या पिशवीचा आणि या गुंतवणुकीचा संबंध इतका सरळ आहे.

एकदम 550 टनांवर उडी मारली असंही नाही. त्याआधी चोइथराम मंडीत, जिथे एकसारखा भाजी-फळांचाच कचरा निघतो, 20 टनांचा छोटा प्रकल्प चालवून पाहिला. सोप्या कचऱ्यावर हात बसवून घेतला, हे शहाणपणाचं होतं.

सुक्याची गोष्ट थोडी वेगळी

सुक्या कचऱ्याला देवगुराडियाला पट्ट्यांवरून नेतात, प्रकाशकिरणांच्या साहाय्याने प्लास्टिकचे प्रकार ओळखणारी यंत्रं तो निवडतात, आणि त्याच पट्ट्यांशी माणसंही उभी असतात. त्यांतली कितीतरी पूर्वी उकिरड्यावर कचरा वेचायची. सावली, हातमोजे, ठरलेली मजुरी, हे त्यांच्यासाठी मोठं आहे. तरी एक बोच राहते: भंगाराच्या व्यवसायात जो माल स्वतःचा म्हणून विकता यायचा, तो आता कुणाचा तरी आहे.

आणि इंदूर हे शेवेचं शहर. पोह्यांवर शेव, भाजीवर शेव, शेवेची पाकिटं पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी वेगळी. ते चकचकीत पाकीट म्हणजे प्लास्टिकचे आणि धातूच्या मुलाम्याचे चिकटलेले थर. ते सुटे करून नवं काही बनवणं परवडत नाही, म्हणून त्याचा शेवट बहुधा भट्टीत होतो. वेगळा करून दिला म्हणून प्रत्येक कचऱ्याचा पुनर्वापर होतो, या समजात आपण राहू नये.

वाड आणि हॉवर्ड

या शहराला कचऱ्याचं खत नवं नाही. जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ म्हणून खताची जी रीत सांगितली जाते, ती इथली. 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. होळकर दरबाराने संस्थेला 300 एकर जमीन दिली होती. ती रीत बसवताना त्यांच्यासोबत रसायनतज्ज्ञ यशवंत वाड होते आणि 1931 चं मूळ पुस्तक दोघांच्या नावावर आहे. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं आमच्या मराठी मंडळांतही क्वचितच निघतं.

रीत अशी: पालापाचोळा आणि काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, राख, यांचे थर. खड्डा लांबरुंद, पण खोली 2 फूटच, कारण त्याहून खोल गेलं की हवा पोचत नाही. पंधरा-सोळा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग पलटायचा. तीन महिन्यांत खत. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था पाहून गेले होते.

त्याच्याही आधी, 1917 च्या दिवाळीत, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे होते आणि शहर प्लेगने हैराण होतं. त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही; ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल. शहरभर घासपूस सुरू झाली, गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत सफाई कामगार नवे पांढरे कपडे घालून, हार घालून, झाडू घेऊन मानाने चालले आणि प्लेगच्या राक्षसाचा पुतळा जाळला गेला. मोहल्ल्यांना एकमेकांशी चढाओढीला लावायचं, हे सर्वेक्षणाच्या शंभर वर्षं आधी इथे करून झालं होतं.

जे सुटलं नाही

गाडीचं मासिक शुल्क ठरलेलं आहे. बादली काठोकाठ भरलेली असो की तळाशी चार सालं असोत, रक्कम तीच. प्रकल्पाला रोज 550 टनांची भूक आहे. निगमला गॅस हवा, कंपनीला कचरा हवा. या सगळ्या हिशोबात कचरा कमी करणाऱ्या घरासाठी काहीच नाही. निगमने काही वॉर्ड ‘झिरो वेस्ट’ करायचे प्रयोग केले, लग्नकार्यांसाठी थाळ्या-वाट्या देणारी बर्तन बँक काढली, हजारो घरांना खताचे डबे घ्यायला लावलं. पण सगळी बक्षिसं, सगळा पैसा आणि सगळे कॅमेरे कचरा नीट देण्याकडे आहेत. आमच्या गल्लीत बादल्या वेगळ्या झाल्या. हलक्या झाल्यात असं मला तरी दिसत नाही. घरपोच मागवलेल्या जेवणाचे काळे डबे तर वाढलेच आहेत.

खताच्या डब्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. काकूंनी उत्साहाने ड्रम आणला. सुरुवातीला रोज भाजीची देठं, कांद्याची सालं, उरलेला भात. पावसाळ्यात त्याचा काळा चिखल झाला, वास सुटला, चिलटं स्वयंपाकघरात शिरली. काकांनी ड्रम गच्चीवर नेला, मग तो तिथेच पालथा पडला. दोष डब्याचा नव्हता. निव्वळ ओलं होतं, त्यात वाळलेलं काही नव्हतं आणि पलटायला कुणी नव्हतं. वाडांच्या खड्ड्यात पालापाचोळा सर्वांत जास्त असायचा, त्याचं कारण हेच: सुकं नसेल तर ओलं गुदमरतं. डबे वाटणाऱ्यांनी सोबत एक पोतं वाळका पाला आणि महिनाभर येऊन पाहणारा माणूस दिला असता, तर निम्मे डबे तरी जगले असते.

माझं मत असं झालं आहे की फ्लॅटमधल्या घरांना खताच्या भानगडीत पाडू नये. त्यांचा ओला कचरा गाडीने न्यावा, त्याचा गॅस व्हावा, बस चालावी. पण बागबगीचे आणि मोठी झाडं असलेल्या जुन्या कॉलन्यांनी पाला देवगुराडियापर्यंत डिझेल जाळून पाठवावा, हे मात्र पटत नाही.

आमच्या कॉलनीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, शुल्क भरतो ना, मग गाडीच नेईल. दुसऱ्याला सगळंच कॉलनीत जिरवायचं होतं. शेवटी तोडगा निघाला तो मधला: स्वयंपाकघरातलं सगळं गाडीला, आणि उद्यानाच्या मागच्या भिंतीशी फक्त पाल्यासाठी दोन उथळ खड्डे, एक भरत असताना दुसरा कुजेल. शेण शेजारच्या गोशाळेतून. पलटायचं काम माळीबुवांकडे, आणि त्याचे वेगळे पैसे वर्गणीतून. खजिनदारांनी त्या वेगळ्या पैशांवर बराच वेळ घातला. पानगळीच्या दिवसांत पहिला खड्डा भरला, आणि आता काकू त्यावर पाणी शिंपडलं का म्हणून माळीबुवांना फाटकातूनच विचारत असतात.